राउंड ज्या खाटेपाशी थांबत नाही

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वैद्यकीय शाखेच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे गंभीर आजारातला त्रास कमी करणारी काळजी, शिकवायची जबाबदारी तुमच्याकडे आली आहे आणि हातात दोन-दोन तासांची सहा सत्रं आहेत. गेल्या वर्षी तुम्ही व्याख्यानं दिलीत. मुलांनी वेदनाशामकांची शिडी, म्हणजे दुखणं वाढेल तसं सौम्य औषधाकडून तीव्र औषधाकडे जायचा क्रम, पाठ केली, दुःखाच्या पाच अवस्था पाठ केल्या, परीक्षेत लिहिल्या. वॉर्डात मात्र शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णाच्या पायथ्याशी उभं राहून त्यांनी केस पेपर चाळला आणि ती पुढे गेली. तुम्ही विचारता, यांना सहृदयता शिकवायची कशी, आणि बावीस-तेवीस वर्षांच्या मुलांना मरणाऱ्या माणसासमोर बसवणं योग्य आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हो, योग्य आहे, पण तयारी करून आणि कुणाच्या तरी सोबतीने. पहिल्या प्रश्नाबाबत मी थोडं वेगळं म्हणेन. तुमची मुलं निर्दय नाहीत. तिथे थांबून करायचं काय हे त्यांना कुणी दाखवलेलं नाही, आणि वरिष्ठही थांबत नाहीत हे ती रोज पाहतात. म्हणून मी सहृदयतेपासून सुरुवातच करत नाही. मी बद्धकोष्ठतेपासून करते.

कारण सांगण्याआधी एक कबूल करायला हवं. तुमच्याकडे काय उपलब्ध आहे यावर बरंच अवलंबून आहे. रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरची वेगळी टीम असेल, जवळ हॉस्पिस (अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणारी संस्था) असेल, गृहभेटी होत असतील, तर मुलांना तिथे जरूर पाठवा. यातलं काहीच नसेल तरी अडत नाही, कारण मेडिसिनच्या कुठल्याही वॉर्डात असा एक तरी रुग्ण असतोच. तीव्र दुखण्यावर तोंडावाटे द्यायचं मॉर्फिनच मिळत नसेल तर मात्र शिकवणं लंगडं पडतं. मग आधी ते मिळवण्याच्या मागे लागा. कृत्रिम श्वसनासारखे उपचार थांबवण्याबद्दलचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत, तो भाग स्थानिक नियम समोर ठेवूनच शिकवावा, त्यात मी इथे शिरत नाही.

आता बद्धकोष्ठतेबद्दल. कॅन्सर हाडांत पसरलेल्या एका आजींच्या केस पेपरवर रोज लिहिलं जायचं, 'रुग्ण मॉर्फिन घेण्यास नकार देते.' सगळ्यांनी धरून चाललं होतं की त्यांना व्यसनाची भीती असणार. मी एका विद्यार्थिनीला त्यांच्यापाशी अर्धा तास नुसतं बसायला सांगितलं होतं. तिने विचारलं, "आजी, गोळी का नको वाटते?" आजी म्हणाल्या, नऊ दिवस पोट साफ नाही, ही गोळी सुरू झाल्यापासून हे होतंय, त्यापेक्षा कंबर दुखलेली परवडली. मॉर्फिन लिहिणाऱ्याने सोबत रेचक लिहिलंच नव्हतं. आतड्यात अडथळा नाही ना हे तपासून, गुदमार्गाची तपासणी करून, एनिमा आणि मग रोजचं रेचक सुरू झालं. तिसऱ्या दिवसापासून आजी गोळी घेऊ लागल्या आणि रात्री झोपू लागल्या. ती मुलगी पुढचे दोन आठवडे कुणी न सांगता रोज त्या खाटेपाशी जात होती. तिला मी सहृदयतेवर एक वाक्यही शिकवलं नव्हतं. आपल्या हातून इथे काहीतरी होतं, एवढं तिला कळलं होतं.

त्यानंतर मी क्रम बदलला. आधी हाताला काम द्यायचं, बोलायचं कसं ते नंतर.

या विषयाचा इतिहासही मला हेच सांगतो. सिसिली साँडर्स आधी नर्स होत्या. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सोडून त्या रुग्णालयात समाजसेविका झाल्या. शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी काही करायची त्यांची ओढ पाहून एका सर्जननी त्यांना सल्ला दिला की आधी डॉक्टर व्हा, या रुग्णांना वाऱ्यावर सोडतात ते डॉक्टरच. साँडर्स १९५७ मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, डॉक्टर झाल्या. त्याआधी एका संस्थेत संध्याकाळी स्वयंसेविका म्हणून काम करताना त्यांनी पाहिलं होतं की तिथे मॉर्फिन दुखणं उसळायची वाट न पाहता ठरलेल्या वेळी तोंडावाटे देतात. हीच पद्धत त्यांनी पुढे काटेकोर नोंदी ठेवून पारखली आणि १९६७ मध्ये लंडनच्या दक्षिण भागात सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. उपचारांच्या बरोबरीने शिकवणं आणि संशोधन हा त्या संस्थेचा पहिल्यापासूनचा भाग होता. मुलांना मी हे सांगते ते त्यांची थोरवी गाण्यासाठी नाही. त्यांच्या करुणेला वेळापत्रक होतं आणि मात्रा होती, हे मुलांच्या लक्षात यावं म्हणून.

तेव्हा पहिलं सत्र खाटेशेजारी, कागद-पेन्सिल घेऊन करा. जागतिक आरोग्य संघटनेची १९८६ ची तीन पायऱ्यांची शिडी त्यांना येतेच, पण शिडी येणारा विद्यार्थी प्रिस्क्रिप्शन लिहायला बसवला की अडतो. म्हणून हिशेबच करून घ्या. रुग्णाला दर चार तासांनी १० मिलिग्रॅम साधं मॉर्फिन तोंडावाटे चालू आहे, म्हणजे दिवसाला ६०. मधेच उसळणाऱ्या दुखण्यासाठीचा जादा डोस दिवसाच्या मात्रेच्या साधारण एक षष्ठांश, म्हणजे १०. काल तीन जादा डोस लागले, तर दिवसाची गरज ९० झाली. मग आजपासून दर चार तासांनी १५, आणि जादा डोसही १५. गिळता येईनासं झालं तर त्वचेखालून साधारण निम्मी मात्रा पुरते, म्हणजे चोवीस तासांत ४५. हे पाच मिनिटांचं गणित ज्याने स्वतःच्या हाताने केलं, त्याची मॉर्फिनची भीती निम्म्याने उतरते.

उरलेली भीती बोलून काढावी लागते. मळमळ बहुधा काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही, म्हणून रेचक पहिल्या दिवसापासून. मूत्रपिंडं निकामी असतील तर मॉर्फिनपासून शरीरात तयार होणारे घटक साचतात, गुंगी येते, स्नायू झटके देतात, भ्रम होतो. तिथे मात्रा, अंतर किंवा औषधच बदलायचं. श्वास मंदावण्याआधी गुंगी वाढते, म्हणून श्वासाइतकंच लक्ष जागेपणाकडे ठेवायचं. दुखण्याच्या प्रमाणात हळूहळू वाढवलेलं मॉर्फिन मरण ओढवून आणत नाही, हे तुम्ही स्वतः खात्रीने बोललात तरच मुलं पुढे नातेवाइकांशी तसं बोलू शकतील.

दुखण्याइतकाच वेळ धापेला द्या. पाठीला आधार देऊन बसवणं, चेहऱ्यावर हातातल्या लहान पंख्याचा वारा, आणि गरज पडल्यास मॉर्फिनची अगदी लहान मात्रा. पंखा ऐकून मुलांना वाटतं की ही मनाची समजूत आहे, पण चेहऱ्यावरच्या गार वाऱ्याने धाप खरोखर कमी जाणवते. त्यांना रुग्णाच्या हातात पंखा देऊन पाहू द्या.

दुसऱ्या सत्रात व्याख्येतला गोंधळ काढा. हॉस्पिस म्हणजे प्रामुख्याने आयुष्याच्या अखेरच्या काळातली, बरं करण्याचा प्रयत्न संपल्यानंतरची काळजी. पॅलिएटिव्ह केअर त्याहून व्यापक आहे, ती गंभीर आजाराच्या निदानापासून इतर उपचारांच्या जोडीने चालू शकते. हा शब्द रूढ केला बॅल्फर माउंट या कॅनेडियन सर्जननी. १९७५ मध्ये माँट्रियलच्या रॉयल व्हिक्टोरिया हॉस्पिटलात असा विभाग उघडताना त्यांना 'हॉस्पिस' शब्द वापरता आला नाही, कारण फ्रेंच बोलणाऱ्यांच्या मनात त्याला निराधारांच्या आश्रयस्थानाची छटा होती.

'सगळं संपल्यावर पाठवायची जागा' ही समजूत मोडायला २०१० चा एक अभ्यास मला फार उपयोगी पडतो. फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या अवस्थेतच सापडलेल्या १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर दिली गेली. त्यांचं रोजचं जगणं अधिक सुसह्य राहिलं, नैराश्य कमी दिसलं, अखेरच्या दिवसांतले आक्रमक उपचार कमी झाले, आणि तरीही मध्यक आयुर्मान ८.९ ऐवजी ११.६ महिने निघालं. मात्र हे आयुष्य वाढवण्याचं औषध म्हणून विकू नका. सगळ्या आजारांत असंच होईल असा याचा अर्थ नाही. 'लवकर बोलावलं तर रुग्ण धीर सोडेल' या भीतीला उत्तर म्हणून तो वापरा.

याच सत्रात मी प्रत्येकाला एका रुग्णाचं उरलेलं आयुष्य कागदावर लिहायला लावते आणि कागद मिटून ठेवते. मग २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाबद्दल सांगते. ३४३ डॉक्टरांनी हॉस्पिसमध्ये पाठवलेल्या ४६८ रुग्णांबद्दल अंदाज दिले होते. बरोबर निघाले फक्त २० टक्के. बहुतेकांचा अंदाज आशावादी बाजूला चुकला, आणि डॉक्टरांची रुग्णाशी ओळख जितकी जुनी तितकी चूक जास्त. म्हणून नेमका आकडा सांगण्याऐवजी 'दिवस', 'आठवडे', 'महिने' अशा भाषेत बोलायला शिकवा, आणि आपलीही चूक होऊ शकते हे सांगायला.

आता संवाद. वाईट बातमी सांगण्याचा सहा टप्प्यांचा आराखडा २००० सालापासून सर्वत्र शिकवला जातो आणि तो चांगला आहे, पण घाबरलेल्या विद्यार्थ्याला सहा टप्पे आठवत नाहीत. मी तीनच गोष्टी घोटून घेते. आधी विचारा, मग थोडंसं सांगा, मग गप्प राहा. विचारायचं ते असं, "तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला आत्तापर्यंत काय सांगितलंय?" सगळ्यात कठीण जातं गप्प राहणं. भूमिका घेऊन सराव करताना वाईट बातमीनंतर दहा सेकंद कुणीही बोलायचं नाही असा माझा नियम आहे. ते दहा सेकंद मुलांना असह्य होतात. मग मी रुग्ण झालेल्या विद्यार्थ्याला विचारते की तुला ते लांबले का, आणि बहुतेक वेळा तो म्हणतो की नाही, मला ते हवेच होते. म्हणून प्रत्येकाला एकदा तरी रुग्णाच्या खुर्चीत बसवा. खऱ्या रुग्णाला वाईट बातमी देण्याचं काम मात्र विद्यार्थ्यावर कधीही टाकू नका.

एक वाक्य मी वर्गात बंद केलं आहे: 'आता करण्यासारखं काही नाही.' ते खोटं आहे. त्याऐवजी असं काही म्हणता येतं: "आजार आता औषधांना दाद देत नाही. पण दुखणं, धाप, झोप यांवर आपण रोज काम करणार आहोत, आणि मी उद्या सकाळी परत येणार आहे." शेवटचा भाग बोललात तर उद्या सकाळी गेलंच पाहिजे, हेही सांगा.

नातेवाईक दारातच अडवून म्हणतात, "त्यांना काही सांगू नका." इथे मुलं एकतर मान डोलावतात किंवा रुग्णाच्या हक्कांवर भाषण देतात. दोन्ही नको. आधी विचारायचं, "सांगितलं तर काय होईल अशी भीती वाटते?" उत्तर बहुधा प्रेमातून आलेलं असतं, ते पूर्ण ऐकून घ्यायचं. मग म्हणायचं, "मी आपणहून काही लादणार नाही. पण त्यांनी मला सरळ विचारलं तर मी खोटंही बोलणार नाही." पुष्कळदा नंतर कळतं की रुग्णाला सगळं ठाऊक होतं आणि तोही घरच्यांना जपत होता.

पाच अवस्थांबद्दल थोडक्यात. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी त्या १९६९ मध्ये मांडल्या, रुग्णांशी झालेल्या प्रत्यक्ष मुलाखतींवरून. त्यांचं मोठं काम मला वेगळंच वाटतं: मरणाऱ्या माणसाला त्यांनी शिक्षकाच्या जागी बसवलं. त्या अवस्था जिन्यासारख्या क्रमाने चढायच्या नसतात. 'रुग्ण नकाराच्या अवस्थेत आहे' असं केस पेपरवर लिहिलं की पुढचं ऐकणं थांबतं, म्हणून मी ते लिहू देत नाही.

आता मुख्य गोष्ट, खाटेपाशी बसणं. तिसऱ्या सत्रापासून प्रत्येक विद्यार्थ्याला एक रुग्ण. रुग्ण मी निवडते, परवानगी मी स्वतः आधी मागते, विद्यार्थी सोबत नसताना, म्हणजे नाही म्हणणं सोपं जातं. अखेरचे काही तास उरलेला रुग्ण पहिल्या भेटीसाठी घेत नाही. विद्यार्थ्याने अर्धा तास बसायचं, वही बंद ठेवून. ठरलेला प्रश्न एकच: "सध्या सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतोय?" साँडर्स यांनी 'टोटल पेन' म्हटलं ते इथे आपोआप समोर येतं. शरीराचं दुखणं, मनाचं, घरच्यांची काळजी, आणि 'माझ्याच वाट्याला का' हा प्रश्न, सगळं एकमेकांत गुंतलेलं. चार रकाने आखून दिलेत तर मुलं रकाने भरत बसतील, ते टाळा.

एका प्रश्नाची तयारी मात्र आधीच करून द्या, कारण तो हमखास येतो: "बाळा, मी यातून वाचणार नाही का?" उत्तर तयार नसेल तर विद्यार्थी 'असं काही नाही हो आजोबा' म्हणून पळ काढतो आणि ते त्याला पुढे कितीतरी दिवस टोचत राहतं. मी त्यांना असं बोलायला शिकवते: "मी विद्यार्थी आहे, याचं पूर्ण उत्तर मला देता येणार नाही. पण हे तुमच्या मनात कधीपासून आहे? मी डॉक्टरांना सांगते, त्या आजच येऊन तुमच्याशी बोलतील." आणि तुम्हाला खरोखर आजच जावं लागेल.

एक सकाळ मुलांना सिस्टरांच्या हाताखाली द्या. तोंड ओलं ठेवणं, कूस बदलणं, बेडसोरची सुरुवात ओळखणं, हे त्यांच्याइतकं चांगलं आपल्याला शिकवता येत नाही. अखेर जवळ आल्याच्या खुणाही त्याच दाखवतील. झोप वाढते, खाणं-पिणं तुटतं, लघवी कमी होते, हातपाय गार पडून त्वचेवर डाग उमटतात, श्वास मधे मधे थांबतो, घशात घरघर लागते. त्या घरघरीने रुग्णापेक्षा जवळची माणसं जास्त हादरतात. कुशीवर वळवल्याने पुष्कळ फरक पडतो, खोलवर नळी घालून ओढण्याने उलट त्रास वाढतो. 'खात नाही म्हणून चालले' असं घरच्यांना वाटतं, तेव्हा हळुवारपणे सांगावं लागतं की शरीर थांबत आलंय म्हणून भूक गेली आहे.

विद्यार्थ्यांचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण ते सांगायलाच हवं. सुरुवात करण्याआधी प्रत्येकाला एकटं गाठून विचारा की अलीकडे घरात कुणी गेलं आहे का. असेल तर त्याला सूट द्या, कारण न विचारता. रुग्ण गेला की त्याच दिवशी वीस मिनिटं एकत्र बसा. 'सवय होईल' असं म्हणू नका. एका मुलाने मला सांगितलं होतं की त्याला रडू आलं नाही आणि त्याचीच त्याला भीती वाटली. तेही तिथे बोलता आलं पाहिजे.

थोडक्यात माझी विभागणी अशी: पहिलं सत्र दुखणं आणि धाप, दुसरं व्याख्या आणि अंदाज, तिसऱ्यात रुग्णाची पहिली भेट, चौथ्यात संवादाचा सराव, पाचवं सिस्टरांसोबत, सहाव्यात रुग्णाकडे परत जाणं आणि एकत्र बसून बोलणं. चौथं तिसऱ्याच्या आधी घेतलंत तरी चालेल, मी मुद्दाम नंतर ठेवते. एकदा खाटेपाशी अडखळलेला विद्यार्थी सराव जीव लावून करतो. 'मी यातून वाचणार नाही का' या प्रश्नाचं उत्तर मात्र पहिल्या भेटीच्या आधीच घोटून घ्या. मूल्यमापनासाठी लेखी प्रश्नांऐवजी एक प्रिस्क्रिप्शन लिहून घ्या, एक संभाषण स्वतः पाहा, आणि सिस्टरांना विचारा की हा पुन्हा आला होता का.

सहा सत्रांत काय बसतं, अशी शंका येईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख लोकांना अशा काळजीची गरज असते आणि मिळते ती जेमतेम १४ टक्क्यांना. एवढ्या माणसांना पुरतील इतके तज्ज्ञ कुठेच नाहीत. तुमच्यासमोर बसलेली मुलं पुढे सर्जन होवोत की त्वचारोगतज्ज्ञ, यातला कुणीतरी त्यांच्या वाट्याला येणारच.

राहिलं ते सत्रांच्या बाहेरचं आहे. निवासी डॉक्टर असताना धाप लागणाऱ्या एका काकांच्या मुलाला मी ते बंद केलेलं वाक्य ऐकवलं होतं, आणि मग तीन दिवस राउंडला त्यांच्या खाटेवरून नजर न मिळवता पुढे जात होते. चौथ्या दिवशी त्यांनीच हाक मारली. म्हणाले, "डॉक्टर, माझं काही चुकलं का? रागावलात का माझ्यावर?" त्या वेळी माझ्या मागे चार विद्यार्थी उभे होते. त्या तीन दिवसांत ते माझ्याकडून काय शिकले असतील, हा विचार आजही मला सोडत नाही.

आता मी राउंड त्याच खाटेपासून सुरू करते, आणि तिथे बसते. शेजारी एक स्टूल कायम ठेवलेलं असतं, ते माझ्यासाठी ओढायचं काम विद्यार्थ्यांकडे पाळीपाळीने असतं. दुसऱ्या आठवड्यापासून ते स्वतःसाठीही एक घेऊन येतात.